सौदीची बाटली आणि लाल टोपी

संपादकबाईंनी लेख मागितला तेव्हा मी त्यांना पहिला प्रश्न विचारला, "अंकात पाककृती आहेत का?"

"असणारच की. दिवाळी अंक आहे," त्या म्हणाल्या.

"मग माझा लेख बेसनाच्या लाडवांपासून निदान चार पानं लांब छापा."

त्यांना वाटलं मी गंमत करतेय. पण ज्या बाईने सत्तावीस वर्षं महाड आणि पोलादपूरच्या लोकांच्या ताटातले लाडू उचलून बाजूला ठेवले, तिचं नाव लाडवांच्या शेजारी दिसलं तर आमच्या भागातले जुने रुग्ण निव्वळ सूड म्हणून दोन जास्त खातील.

नर्सने लिहायचं म्हटलं की सेवेचं व्रत, रुग्णाच्या चेहऱ्यावरचं समाधान वगैरे लोकांना अपेक्षित असतं. मला बघून कोणाच्या चेहऱ्यावर समाधान उमटल्याचं मला तरी आठवत नाही. मी दारात आले की आत डब्यांची झाकणं लागल्याचे आवाज यायचे. एका गृहस्थांनी तर मला बघून पेढा तसाच गालात धरून ठेवला. मी तब्येत विचारली, त्यांनी नुसती मान हलवली. मीही हट्टाने पाव तास बसून राहिले, पेढा विरघळेपर्यंत.

महाडला एका डॉक्टरांच्या बारा खाटांच्या इस्पितळात मी नोकरीला होते आणि राहायला पोलादपूरला. सकाळच्या पहिल्या एसटीने महाड, संध्याकाळी परत. स्टँडवरून इस्पितळात जाता जाता वाटेवरच्या दोन-तीन घरी इन्सुलिन टोचायचं, आणि संध्याकाळी पोलादपूरला माझ्या ओटीवर डोंगरातल्या वाड्यांची माणसं यायची. मधुमेहाला सगळे 'शुगर' म्हणायचे. "मला शुगर हाय," असं सांगताना काहींच्या आवाजात थोडी ऐटही असायची, कारण तेव्हा तो शिकलेल्यांचा आजार समजला जाई.

साखर तपासायची रीत तेव्हा मजेशीर होती. रक्त थेंबभर घेऊन आकडा दाखवणारं यंत्र आमच्याकडे नंतर आलं. आधी लघवी निळ्या औषधात उकळायची. निळी राहिली तर उत्तम, हिरवी झाली तर सावध, विटेसारखी लाल झाली तर रुग्ण खोटं बोलतोय. बिरवाडीला खोली घेऊन राहणाऱ्या एका कारखान्यातल्या कामगाराला माझ्या बोलण्याचा इतका धाक, की त्याने एकदा बाटलीत शेजाऱ्याची लघवी आणून दिली. ती लालभडक झाली. शेजाऱ्याला शुगर आहे हे असं कळलं. तो पुढे दहा वर्षं माझ्याकडे येत होता आणि त्या कामगाराशी बोलत नव्हता.

आता थोडं इन्सुलिनविषयी, कारण पुढचं समजायला ते लागेल. जेवणातली साखर रक्तात येते आणि ती अंगाला लागायची तर इन्सुलिन हवं. शरीरात ते पुरेसं बनेनासं झालं की बाहेरून टोचायचं. तोंडाने घेऊन उपयोग नाही, पोटात ते पचून जातं. त्या काळी आमच्या हातात मुख्य तीन बाटल्या. पहिली पाण्यासारखी स्वच्छ: अर्ध्या तासात कामाला लागणार, पाच-सहा तासांत दमणार. दुसरी ताकासारखी गढूळ: उशिरा उठणार, पण दिवसभर राबणार. तिसरी या दोन्हींची तयार मिसळ, तीही गढूळच. गढूळ बाटली खडाखडा हलवायची नाही, दोन तळहातांत धरून वातीसारखी वळायची. रोज एकाच जागी टोचायचं नाही, पोटावर, मांडीवर जागा बदलत जायचं. आणि टोचून झालं की वेळेवर जेवायचं, कारण औषध आत गेल्यावर ते साखरेची वाट बघत थांबत नाही, असेल तेवढी उचलतं.

आपल्याकडच्या बाटलीत तेव्हा एका मिलिलिटरला चाळीस युनिट असायची. तिच्यासाठीच्या सिरिंजच्या सुईला लाल टोपी, आणि सिरिंजवरच्या रेघा त्या चाळिसाच्या हिशेबाने आखलेल्या. ही लाल टोपी लक्षात ठेवा. मी ठेवायला हवी होती, मी नाही ठेवली.

वाटेवरच्या घरांतलं पहिलं घर हलीमाचाचींचं. मोहल्ल्यात शिरताना डाव्या हाताला, निळ्या दाराचं. चाची विधवा, अंगाने भरदार, आवाजाने त्याहून. मुलगा यूसुफ सौदीला ट्रेलर चालवायचा, घरात सून शबाना. सकाळी साडेसातला मी पोहोचायचे, सोळा युनिट टोचायचे, चाचींसोबत बिनसाखरेचा चहा घ्यायचे आणि आमचं भांडण सुरू व्हायचं.

"काल काय खाल्लंत?"

"काय नाय गो. भाकरी आणि वाटीभर कालवण."

"मग साखर एवढी कशी?"

"तुझ्या औषधात असंल."

आठ वर्षं रोज हाच संवाद. चाचींनी मला कधी दाद दिली नाही आणि मी त्यांना कधी गोड दिलं नाही. ईदला शीरखुर्म्याची वाटी त्यांच्या हातातून घेऊन मी स्वतः खाल्ली आहे, त्यांच्यासमोर, चवीने. आता आठवलं की वाटतं, बाई, जरा कमी ऐट करायची.

बाजाराच्या दिवशी तिथे गणपतभाऊही असायचे. पोलादपूरच्या वरच्या अंगाला डोंगरात त्यांची वाडी. नाचणी-वरीची शेती, दोन्ही मुलगे मुंबईला, आणि हे मध आणि कोकमाचं आगळ घेऊन महाडच्या बाजाराला यायचे. आगळ म्हणजे कोकमाचा मीठ घातलेला घट्ट रस. चाची त्यांच्या जुन्या गिऱ्हाईक. गणपतभाऊंनाही इन्सुलिन चालू होतं, ते माझ्याच ओटीवर शिकले होते. वाडीवर वीज असून नसल्यासारखी, फ्रीजचा प्रश्नच नव्हता. मी त्यांना मडक्याची युक्ती सांगितली: मोठ्या मडक्यात ओली वाळू, तिच्यात छोटं मडकं, त्यात बाटली, वर ओलं फडकं. पंधरा दिवसांनी बघायला गेले तर मडक्याला हळदकुंकू लावलेलं आणि पुढे उदबत्ती.

"धन्याचा जीव राखतंय ते," त्यांची बायको म्हणाली. "मग पुजू नको?"

उदबत्ती जरा लांब लावा, बाटलीला ऊब लागते, एवढंच मी म्हटलं. आजार समजावता येतो, श्रद्धेला हात लावू नये.

तर दोन हजार साल उजाडायच्या आसपास यूसुफ दोन वर्षांनी सुट्टीवर आला. सौदीहून माणूस आला की बॅग उघडणं हा मोहल्ल्यातला मोठा कार्यक्रम. ब्लँकेट, अत्तर, दुधाची भुकटी, साबण, खजूर. आणि रीत अशी, की बॅगेतून जे निघेल ते शेजारीपाजारी, नातलग, ओळखीचे यांच्यात वाटायचं. जो वाटत नाही त्याचं नाव खराब. यूसुफ बिचारा आईसाठी म्हणून तिथल्या डॉक्टरांना विचारून, थर्मासमध्ये बर्फ घालून, इन्सुलिनच्या दोन बाटल्या घेऊन आला. सोबत तिथल्या सिरिंजांचा एक डबा. चाचींनी रीतीप्रमाणे सिरिंजाही वाटून टाकल्या. सौदीची वस्तू, कोणाला नको असते? एक शिंपीणबाईंकडे गेली, मशीनला तेल सोडायला. एकीने मांजरीच्या पिल्लाला दूध पाजायला नेली. एकाने अत्तर भरून ठेवलं. एक बाटलीही चाचींनी गणपतभाऊंना देऊन टाकली, "तू पण आमचाच," म्हणून.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी पोहोचले तर मलाही अत्तराची कुपी मिळाली. मी ती हुंगत होते. यूसुफ तिकडचे दवाखाने कसे चकाचक असतात ते सांगत होता. शबानाने फ्रीजमधून सौदीची बाटली आणून दिली. मी नाव वाचलं, तेच. रंग बघितला, तसाच गढूळ. मुदत बघितली, भरपूर होती. तळहातांत बाटली वळली, माझ्या पिशवीतली लाल टोपीची सिरिंज काढली, सोळाच्या रेघेपर्यंत औषध ओढलं आणि टोचलं.

बाटलीवर शंभर लिहिलेलं होतं. चांगलं ठळक लिहिलेलं होतं. तिकडच्या बाटलीत एका मिलिलिटरला शंभर युनिट, म्हणजे त्याच थेंबात अडीचपट औषध. तिच्यासाठीच्या सिरिंजची टोपी नारिंगी, रेघा वेगळ्या. त्या सिरिंजा मोहल्ल्यात शिलाई मशीनला तेल सोडत होत्या आणि मी लाल टोपीने चाचींच्या अंगात सोळाऐवजी चाळीस युनिट घालून, वर बिनसाखरेचा चहा पिऊन, अत्तराचा वास उडवत इस्पितळात गेले.

साडेदहाला शबानाचा फोन आला. "सिस्टर, अम्मी वेड्यागत करतायत. पाहुण्यांकडून ब्लँकेटं परत मागतायत."

मी पळत गेले. घरात शेजारच्या तीन बायका बसलेल्या, त्यातली एक रडत होती. चाची पलंगावर, केस घामाने कपाळाला चिकटलेले, आणि तोंडाचा पट्टा चालू.

"तुझ्या बिर्याणीत मीठ नसतं," त्या रडणारीला सांगत होत्या. "चोवीस वर्षं खातेय मी. एकदा तरी मीठ घाल गो."

"सौदीचा माज चढलाय," दुसरी मला म्हणाली.

मी चाचींचा हात धरला. गार, ओला, थरथरता. माज नव्हता, साखर उतरली होती. मेंदूला दुसरं काही चालत नाही, साखरच लागते. ती कमी पडली की माणूस आधी बरळतो, मग पेंगतो, मग हाका मारून उठत नाही. त्या मधल्या वेळात तोंडाने साखर गेली तर बरं, एकदा शुद्ध गेली की तोंडात काही घालता येत नाही, ते श्वासनलिकेत जातं. माझ्याकडे फार तर काही मिनिटं होती.

शबानाने पेल्यात साखरेचं पाणी करून आणलं. मी चमचा पुढे केला. चाचींनी दात आवळले.

"चाची, तोंड उघडा."

"मना शुगर हाय," त्या दातांमधून म्हणाल्या. "सिस्टर ओरडंल."

"अहो, मीच सिस्टर."

चाचींनी माझ्याकडे बघितलं, खालपासून वरपर्यंत. "तू नाय सिस्टर. सिस्टर गोड देत नाय."

मी पुन्हा चमचा नेला, त्यांनी हाताने उडवला. पाणी माझ्या युनिफॉर्मवर. यूसुफने आईचे हात धरले तर त्याला म्हणाल्या, "तू कोण? ब्लँकेट ठेव." एकीकडे डोळे जड व्हायला लागले होते. आठ वर्षं मी घोकून घेतलेला धडा त्या इमानाने म्हणत होत्या, आणि त्यापायी माझ्यासमोर मरायला निघाल्या होत्या. तेवढ्यात माझ्या डोक्यात एक विचार आला. तो शिक्षणातून आलेला नव्हता, आठ वर्षांच्या भांडणातून आला होता. मी खाली वाकले आणि हळूच म्हटलं, "चाची, सिस्टर गेली बाहेर. पटकन खाऊन घ्या, तिला कळणार नाही."

चाचींच्या चेहऱ्यावर मी इतकं लबाड हसू त्याआधी कधी पाहिलं नव्हतं.

"गेली?"

"गेली. एसटीत बसली."

"मग ते पाणी नको. तांदळाच्या डब्यात बघ. खाली. शबानाला सांगू नको."

शबाना माझ्या खांद्याशीच पेला घेऊन उभी होती. तिने डब्यात कोपरापर्यंत हात घातला आणि मधाची बाटली बाहेर काढली. कापडाचं बूच, दोरा गुंडाळलेला. ते बूच मला ओळखीचं होतं. गणपतभाऊ. आगळाच्या बाटल्यांमागून दर बाजाराला आत काय जात होतं ते त्या क्षणी कळलं, आणि देवाशपथ सांगते, मला त्या माणसाच्या पाया पडावंसं वाटलं.

चाचींनी मध चाटला. माझ्या बोटांवरून, चमच्यावरून, मिटल्या डोळ्यांनी. "सिस्टरला सांगू नको," मधेच म्हणाल्या. नाही सांगणार, मी म्हटलं. पंधरा मिनिटांनी थरथर थांबली, डोळ्यांत ओळख आली. त्यांनी माझ्याकडे बघितलं, माझ्या मधाळ बोटांकडे बघितलं.

"तू मला मध देतेस?" त्यांनी अगदी साफ आवाजात विचारलं. "मी मरतेय काय?"

रिक्षातून त्यांना इस्पितळात नेलं. गढूळ औषध दिवसभर राबतं, त्यामुळे एकदा साखर दिली म्हणजे सुटलो असं नसतं. ग्लुकोजची सलाइन लावली, दर तासाला तपासणी आणि दर तासाला खाणं. केळं, बिस्किटं, दूध-साखर, शिरा. सगळं मी भरवलं. चाची राणीसारख्या पडून होत्या आणि खाटेशी येईल त्याला सांगत होत्या, "बघा, सिस्टर भरवतेय. शिरा."

दुपारी मी शबानाकडून ती बाटली मागवून घेतली आणि औषधांच्या खोलीत जाऊन नीट वाचली. शंभर. मी स्टुलावर बसले ती बराच वेळ उठले नाही. मग डॉक्टरांना जाऊन सांगितलं. ते ओरडले असते तर बरं झालं असतं. त्यांनी केसपेपरवर माझ्याकडून सगळं लिहून घेतलं आणि म्हणाले, "त्यांना तू सांगायचंस. मी सांगणार नाही." मी मान डोलावली.

आणि सांगितलं नाही. एक दिवस नाही, चार दिवस. रोज सकाळी जाऊन आपली चाळीसची बाटली, लाल टोपी, सोळा युनिट टोचून, चहा पिऊन येत होते. सौदीची बाटली का नको, असं चाचींनी विचारलं तर डॉक्टर नको म्हणतात, असं मोघम सांगितलं. मला लाज वाटत होती आणि त्याहून जास्त भीती वाटत होती. ज्या बाईने सगळ्या मोहल्ल्याला लेबल वाचायला शिकवलं, तिनेच वाचलं नाही, हे माझ्या तोंडून निघेना.

चार दिवसांत गावाने आपल्यापुरता अर्थ लावून टाकला. सौदीचं इन्सुलिन एवढं जोरदार, की ते टोचल्यावर सिस्टर स्वतःच्या हाताने शिरा भरवते. बातमी एसटीने पोलादपूरला माझ्याआधी पोहोचली. चौथ्या संध्याकाळी ओटीवर गणपतभाऊ हजर.

"सिस्टर, चाचीनं दिल्याली सौदीची बाटली उद्या सकाळी फोडतो. घरचीला टोचाया येतंय. पुरणपोळ्याबी सांगितल्यात."

वाडीवर, लाल टोपीने, आणि जवळ ना सलाइन ना गाडी. "ती बाटली मला द्या."

"ती का? चाचीनं मला दिलीय. माझी हाय."

किती सांगितलं तरी ऐकेनात. त्यांना वाटलं, बाई शिरा फक्त मोहल्ल्यालाच भरवते. शेवटी मी म्हटलं, "उद्या बाजार आहे. बाटली घेऊन चाचींकडे या, तिथे काय ते ठरवू. तोवर फोडणार नाही म्हणून शपथ घ्या. मडक्याची."

मडक्याची म्हटल्यावर ते गंभीर झाले आणि त्यांनी शपथ घेतली.

दुसऱ्या दिवशी चाचींच्या घरात गणपतभाऊ, यूसुफ, शबाना आणि वाटपातल्या त्याच तीन बायका. मी उभी राहिले आणि सांगितलं. बाटली शंभरची होती, सिरिंज चाळीसची होती, मी वाचलं नाही, चाचींना अडीचपट औषध माझ्या हातून गेलं. एवढं बोलायला मला चार दिवस लागले होते आणि बोलून झाल्यावर कोणीही विश्वास ठेवला नाही.

"सिस्टरला गर्व नाय बघा," बिर्याणीवाली म्हणाली.

"औषधाच्या दुकानदारानं बोलाया लावलं असंल," गणपतभाऊ म्हणाले. "बाटली तीच, रंग तोच, सुई तीच. मग जास्त कसं जाईल?"

मी त्यांच्या पिशवीकडे बघितलं. "गणपतभाऊ, पेलाभर पाण्यात आगळ किती घालायचं?"

"दोन चमचे. लय झालं."

"शबाना, एक पेला दे." मी पेला आगळाने काठोकाठ भरला आणि त्यांच्या पुढे केला. "प्या. पेला तोच, रंग तोच, वास तोच."

सगळ्या बायका बघत होत्या. माघार घेणं गणपतभाऊंच्या रक्तात नव्हतं. त्यांनी एका दमात अर्धा पेला रिचवला. मग त्यांचं तोंड असं काही आत गेलं की ते परत येईल याची खात्री वाटेना. डोळ्यांतून पाणी, कान लाल, एक हात हवेत. यूसुफने पाण्याचा तांब्या दिला. तांब्या रिकामा करून ते म्हणाले, "सौदीवाले हे असलं टोचत्यात?"

"टोचतात. पण त्यांचा पेला लहान आहे. नारिंगी टोपीचा."

"कुठं हायत ते पेले?"

मग मोहल्ल्यातून सिरिंजा परत आल्या. एक तेलाची, एक अत्तराची, एक मांजरीच्या पिल्लाने चावलेली. बाटली आणि त्या सिरिंजा शेजारी ठेवून मी सगळ्यांना रेघा दाखवल्या. गणपतभाऊंनी आपली बाटली माझ्या हातात दिली. वाडीवरच्या पुरणपोळ्या त्यांच्या बायकोने शेजारी वाटल्या असं पुढे कळलं.

चाचींनी नारिंगी टोपीची सिरिंज हातात घेऊन उलटसुलट बघितली.

"म्हणजे मी गेली असती?" त्यांनी विचारलं.

"हो, चाची."

"तुझ्या हातून?"

"माझ्या हातून."

"आणि चार दिवस हितं बसून चहा पितेस. बोलली नायस."

मला रडू आलं. मी म्हटलं, "मला भीती वाटली, तुम्ही दार उघडणार नाही."

चाचींनी हात पुढे केला. "माझी फोडल्याली बाटली कुठं हाय? आण हिकडं." मी पर्समधून काढून दिली. त्यांनी ती फ्रीजच्या दारात, अंड्यांच्या वरच्या कप्प्यात ठेवली आणि फ्रीज लावला. "आता जा. इस्पितळात लोकं खोळंबली असतील."

त्या रात्री मी काय झोपणार. सकाळी साडेसातला निळं दार बंद होतं. एरवी ते माझ्यासाठी उघडं असायचं. मी पिशवी घेऊन उभी राहिले, परत जावं का असा विचार केला, मग कडी वाजवली. चाचींनीच दार उघडलं. पदर सावरला, खुर्चीवर बसल्या.

"बाटली दाखव," त्या म्हणाल्या. मी दाखवली.

"वाच." मी वाचलं, "चाळीस."

"टोपी?" "लाल."

"आता टोच."

त्या दिवसापासून निवृत्त होईपर्यंत मी महाडमध्ये एकही इंजेक्शन बोलल्याशिवाय टोचलं नाही. चाचींनी सगळ्यांना शिकवलं. बाजाराच्या दिवशी इस्पितळाच्या बाकावर बसलेले आजोबासुद्धा मला बघून ओरडायचे, "टोपी दाखवा." नवीन डॉक्टर आले की त्यांना वाटायचं हे काहीतरी सरकारी धोरण आहे.

राहिली ती बाटली. ती फ्रीजच्या दारातून कधी हलली नाही. वर्षं गेली, बाटलीवरची मुदत संपली, फ्रीज बदलला, बाटली नव्या फ्रीजच्या दारात. तिचा उपयोग मला पहिल्याच ईदला कळला. चाचींच्या हातात शीरखुर्म्याची वाटी होती. मी म्हटलं, "चाची, ठेवा ती." चाची उठल्या, फ्रीज उघडला, बाटली काढली आणि टेबलावर माझ्यासमोर ठेवली. आणि वाटीतला पहिला चमचा तोंडात घातला.

दोन चमचे खाऊन त्यांनी बाटली परत जागेवर ठेवली. त्या कधी दोन चमच्यांवर गेल्या नाहीत, हेही सांगायला हवं. पण ईदला, लग्नाला, यूसुफ आला की, नातवाच्या निकालाला, बाटली टेबलावर आणि माझं तोंड बंद. असं सुमारे बारा वर्षं चाललं. बाकी दिवस साखर आटोक्यात ठेवायच्या, आधीपेक्षा कितीतरी चांगली. डॉक्टर मला विचारायचे, "काय जादू केलीस?" मी म्हणायचे, काही नाही.

चाची गेल्या त्या म्हातारपणाने, झोपेत, शुगरने नव्हे. मी निवृत्त झाल्यावरची गोष्ट. आता मला स्वतःलाच शुगर आहे, हे लिहायचं राहिलं. मी रोज सकाळी टोचून घेते. पेनसारखं असतं आता, टोपीबिपीची भानगड नाही, तरी मी मोठ्याने वाचते. सुनेला वाटतं, आईंचं वय झालं.

चाचींचा चाळिसाव्या दिवसाचा विधी झाल्यावर शबाना पोलादपूरला आली. ओटीवर बसली, चहा घेतला, पिशवीतून रुमालात बांधलेलं काहीतरी काढून माझ्या हातात दिलं. गाठ सोडायच्या आधीच मला कळलं.

"अम्मीनी सांगून ठेवलं होतं, माझ्यामागं ही सिस्टरला द्यायची," ती म्हणाली.

"आणखी काही म्हणाल्या?"

"म्हणाल्या, तिला सांग, आता ओरड."

मी बाटली घेऊन आत गेले आणि फ्रीजच्या दारात, अंड्यांच्या वरच्या कप्प्यात ठेवली. मग स्वयंपाकघरात उभी राहून, कोणी नव्हतं तरी, चाचींना चांगली ओरडले.